शब्दचर्चा : ‘मूत्रनलिका’ म्हणजे नेमकी कुठली नळी?

प्रश्न, कोपरखैरणे
डायलिसिसच्या रुग्णांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहितेय. युरेटर आणि युरेथ्रा या दोन शब्दांवर गाडी अडली आहे. हाताशी जुनं पत्रक आहे, त्यात दोन्हींना ‘मूत्रनलिका’च म्हटलंय. शिवाय किडनीला मूत्रपिंड म्हणू की वृक्क? वाचणारे बहुतेक जण साठीच्या पुढचे आहेत.

वाशी
युरेटर म्हणजे मूत्रवाहिनी, युरेथ्रा म्हणजे मूत्रमार्ग. मूत्रनलिका हा शब्द पत्रकातून काढूनच टाका.

पाचपाखाडी, ठाणे
वाशीकरांशी सहमत. मी युरॉलॉजी वॉर्डात परिचारिका आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मूत्रवाहिन्या दोन. प्रत्येक मूत्रपिंडातून एक निघते आणि खाली मूत्राशयात उतरते. लांबी साधारण 25 ते 30 सेंटीमीटर. लघवी त्यातून नुसती ओघळत नाही. नळीच्या भिंतीतले स्नायू आकुंचन पावत तिला थोडीथोडी पुढे ढकलतात, म्हणून माणूस आडवा झोपला तरी काम चालू राहतं. तेव्हा ‘वाहिनी’ हा शब्द तिला शोभतो, वाहून नेणं हेच तिचं काम. मुतखडा अडकतो तो बहुतेक वेळा हिच्यातच. कंबरेतून जांघेकडे जाणारी ती जीवघेणी कळ येते ती त्यामुळे.

मूत्रमार्ग एकच, मूत्राशयाकडून शरीराबाहेर जाणारा. बायकांमध्ये तो जेमतेम 4 सेंटीमीटरचा असतो, पुरुषांमध्ये 18 ते 20. बायकांना लघवीचा जंतुसंसर्ग जास्त होतो त्याचं हे मोठं कारण: जंतूंना मूत्राशयापर्यंत पोचायला अंतरच थोडं. तुमच्या पत्रकात दोन्ही नळ्यांना एकच नाव राहिलं, तर ‘मूत्रनलिकेत खडा आहे’ हे वाचून नातेवाईक भलत्याच जागेचा विचार करत बसतील. कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालायची वेळ आली की हा गोंधळ मी रोज बघते. ‘किडनीत नळी घालणार का?’ असं घाबरून विचारतात. कॅथेटर मूत्रमार्गातून जाऊन मूत्राशयातच थांबतो, हे चित्र काढून दाखवावं लागतं. तुम्हीही पत्रकात एक रेखाचित्र टाकाच.

ऐरोली
शाळेत विज्ञान शिकवतो. मुलांना आम्ही वृक्क शिकवतो, पण घरी आजी-आजोबांशी बोलताना तीच मुलं किडनी म्हणतात. साठीपुढच्या वाचकांना वृक्क परीक्षेतला शब्द वाटेल. एकदा ‘मूत्रपिंड म्हणजे किडनी’ असं लिहा आणि पुढे किडनीच चालू द्या.

नौपाडा, ठाणे
आयुर्वेदाच्या बाजूने थोडी भर. वृक्क शब्द जुना आहे, चरकसंहितेत आहे. पण तिथे वृक्कांचा संबंध मेदाशी लावलाय, मेदोवह स्रोतसाचं, म्हणजे मेद वाहून नेणाऱ्या मार्गाचं, मूळ म्हणून. मूत्रवह स्रोतसाचं, म्हणजे लघवीच्या मार्गाचं, मूळ सांगितलंय ते बस्ती आणि वंक्षण, म्हणजे मूत्राशय आणि जांघेचा भाग. तेव्हा वृक्क हा ‘लघवी तयार करणारा अवयव’ अशा अर्थाचा प्राचीन शब्द आहे, असं समजू नये. तो अर्थ त्याला आधुनिक परिभाषेने दिला. मूत्रपिंड हा शब्द मात्र काम नावातच सांगतो. बस्ती शब्द पत्रकात टाळा. आज लोकांना बस्ती म्हटलं की पंचकर्मातली बस्ती, म्हणजे एनिमासारखा उपचार, आठवतो. ते नावही मूत्राशयावरूनच आलं, कारण पूर्वी औषध भरायला जनावरांचं मूत्राशय वापरत.

प्रश्न, कोपरखैरणे
खूप मदत झाली. अजून एक. ‘लघवी बंद झाल्यास ताबडतोब कळवा’ असं वाक्य आहे. ठीक आहे ना?

पाचपाखाडी, ठाणे
नाही, आणि माझ्या मते सगळ्या पत्रकात सर्वात जास्त काळजी या वाक्याची घ्या. आपल्याकडे ‘लघवी बंद झाली’ हे दोन अगदी वेगळ्या गोष्टींना म्हणतात.

एक, लघवी तुंबली. मूत्राशय भरलंय, ओटीपोट तट्ट फुगलंय, लागलीये पण होत नाही. मूत्राशय साधारण 400 ते 500 मिलिलीटरला भरल्यासारखं वाटतं. तुंबल्यावर त्याच्या दुप्पटही साठू शकते आणि माणूस तळमळतो. वयस्कर पुरुषांत हे बरेचदा प्रोस्टेट ग्रंथीमुळे. दोन, लघवी तयारच होत नाही. निरोगी मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात. लघवी उरते दीड-दोन लिटर. हे गाळणंच मंदावलं तर मूत्राशय रिकामंच राहतं. लागतही नाही, दुखतही नाही, आणि पायावर सूज चढत जाते. पहिल्यात नळी घातली की सुटका. दुसऱ्यात नळी घालून काहीच निघत नाही.

तुमचे वाचक डायलिसिसवरचे. त्यांतल्या कित्येकांची लघवी आधीच कमी झालेली असते. म्हणून वाक्य असं फोडा: ‘लघवी लागते पण होत नाही, ओटीपोट फुगलंय’ हे एक, आणि ‘आधीपेक्षा लघवी कमी होते, सूज किंवा धाप वाढली’ हे दुसरं. तुंबणे, अडणे, कमी होणे, थेंब थेंब होणे, धार बारीक होणे हे सगळे शब्द लोकांच्या तोंडात आहेत. तेच वापरा. ‘मूत्रावरोध’ लिहिलंत तर कुणी वाचणार नाही.

आणि ‘उन्हाळी लागणे’ जरूर घ्या. आजही आज्या लघवीच्या जळजळीला तेच म्हणतात. फक्त पुढे लिहा की उन्हाळीबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा कंबर दुखली, तर धन्या-जिऱ्याच्या पाण्यावर थांबू नका.

वाशी
जुन्या पत्रकात ‘भरपूर पाणी प्या’ असेल तर तेही तपासा. मुतखड्याच्या रुग्णाला ते बरोबर आहे, डायलिसिसवाल्याला नाही. त्याचं पाणी डॉक्टर मापून देतात.

प्रश्न, कोपरखैरणे
आहे. दुसऱ्याच ओळीत आहे. आजच काढते.