‘बाळंतपण करणे’: नेमकं कोण करतं?

शहापूर, बेळगाव:
आरोग्याची पत्रकं कानडीतून मराठीत करून द्यायचं काम अधूनमधून माझ्याकडे येतं. आताच्या पत्रकात ‘बाणंतन’, म्हणजे बाळंतपण, हा शब्द आहे आणि मराठी मसुद्यात त्याचं ‘प्रसूती’ झालंय. मला ते पटत नाही. प्रसूती बाईची होते, काही तासांत उरकते. बाळंतपण मात्र दुसरं कुणीतरी करतं. ‘थोरलीचं बाळंतपण आज्जीनं केलं’, ‘दोन्ही सुनांची बाळंतपणं मीच केली’ या वाक्यांत कर्ता बाळंतीण नाहीच, तिला सव्वा महिना सांभाळणारी म्हातारी आहे. कानडीतही ‘बाणंतन माडोदु’ असंच म्हणतात, आणि करणारी बहुतेक आई नाहीतर अज्जी असते. दोन्ही भाषांत हा प्रयोग जिवंत असताना तो का सोडायचा? तुमच्याकडे काय म्हणतात?

खानापूर:
अगदी बरोबर. सुईण आणि बाळंतपण करणारी यांतही आमच्याकडे फरक करतात. सुईण मोकळं करते, नाळ कापते, बाळाला न्हाऊ-माखू घालून घरी जाते. राहते ती आज्जी. जाता जाता: ‘सुईण’ आणि त्याच अर्थाचा कानडी ‘सूलगित्ति’ कानाला बहिणी वाटतात, पण ‘सूल’ हा द्राविडी शब्द आहे, तमिळमध्येही तो गर्भासाठी आहे. त्यामुळे नातं जोडू नये.

आमच्या जंगलपट्ट्यात गवळी धनगरांच्या आणि सिद्दींच्या वस्त्या आहेत. पावसाळ्यात तिथून दवाखाना गाठणं सोपं नसतं, त्यामुळे आज्जीचा डोळा हाच पहिला तपास. बाळाला न्हाऊ घालताना बघा. पाय लांब करून बसायचं, बाळ नडग्यांवर पालथं घ्यायचं, पाणी कोपरानं बघायचं, मग तेलाची बोटं पाठीवरून मानेकडे. शेवटी टाळू भरायची. ‘टाळू भरणे’ म्हणजे तेल जिरवणं, पण त्याच वेळी बोटाला कळतं टाळू वर आहे की खोल गेलीय. ‘टाळू बसली गे, पोराला घेऊन चला’ हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. हगवणीनं अंगातलं पाणी कमी झालं की टाळू खोल जाते, डॉक्टरही तेच बघतात. हे सगळं ‘बाळंतपण करणे’मध्ये येतं. ‘प्रसूती’त कुठे बसवणार?

निपाणी:
मी आशा सेविका म्हणून काम करते, म्हणून जरा दुसरी बाजू. शब्द ठेवा, पण त्यात जुनं सगळंच येऊ देऊ नका. काही घरांत अजून पहिला चीक पिळून टाकतात आणि बाळाच्या तोंडाला मध लावतात. पहिल्या तासात अंगावर पाजायचं आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, असं आम्ही सांगतो. यात सहाणेवर वेखंड, मुरडशेंग, हळकुंडाचे वेढे उगाळून घुटी द्यायची राहून जाते, आणि आज्ज्यांच्या मनाला ते लागतं. मी त्यांना म्हणते, सहाण मोडायची नाही, सहा महिने बाजूला ठेवायची. पण सांगायचं सुनेला नव्हे, आज्जीलाच. तिनं मान डोलावली की घरात बदल होतो. अंटिन उंडी, म्हणजे डिंकाचे लाडू, आणि अळिवाची खीर मात्र बाळंतिणीला खुशाल द्या, पण जेवण तोडून नाही.

आणि ‘रक्तस्राव’ हा शब्द काढाच. कुणी घरात तसं बोलत नाही. ‘अंगावरून फार जातंय’ असं लिहा. बाळंत झाल्यावर चोवीस तासांत अर्ध्या लिटरहून जास्त गेलं तर जिवाला धोका असतो, तिथे शब्द समजायला वेळ लागून चालत नाही.

शहापूर, बेळगाव:
हे फार उपयोगी. पावगडच्या सूलगित्ति नरसम्मांना 2018 साली पद्मश्री मिळाली तेव्हा कानडी पेपरांनी ‘सूलगित्ति’ हा शब्द मानानं नावापुढे लावला. आपल्याकडे ‘सुईण’ मागास वाटते आणि ‘बाळंतपण करणारी’ला तर पदच नाही. झिंबाब्वेत हरारेला 2006 पासून म्हाताऱ्या बायका शिकून दवाखान्याच्या आवारात बाकावर बसतात आणि मनानं खचलेल्यांचं ऐकून घेतात. तिथेही डॉक्टरी शब्दाऐवजी लोकांच्या शोना भाषेतला ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे फार विचार करत बसणं, हाच शब्द वापरतात. आमच्याकडे बाळंतिणीला ‘इचार करू नको गे’ म्हणणारी आज्जी हेच ओळखत असते, एवढंच की तिला पुढे कुठे पाठवायचं ते सांगायला हवं.

तर पत्रकाचं शीर्षक मी असं करतोय: ‘बाळंतपण करणाऱ्या आज्जींसाठी’. कर्ता बदलला की खालच्या सूचनाही ‘मातेने काळजी घ्यावी’ऐवजी ‘तिला एकटीला ठेवू नका, ताप बघा’ अशा होतात. ‘बाळंतरोग’ ठेवू का?

चिकोडी:
ठेवू नका. त्या एका शब्दात आमच्याकडे ताप, अशक्तपणा, कंबरदुखी सगळंच घालतात, आणि मग ताप अंगावर काढतात. सरळ लिहा: ‘थंडी वाजून ताप आला, घाण वास येतोय, तर त्याच दिवशी दवाखाना.’ आणि ‘आज्जी’त दोन ज ठेवा. ‘आजी’ पुण्याची वाटते.