गाय वायरचा ताण मोजायचा कसा? हाताने ओढून बघण्यावर आता भरवसा नाही

मिरजेकडचा_टॉवर

नमस्कार मंडळी. शेतात माझा ८० फुटी म्हणजे २४ मीटरचा लॅटिस (लोखंडी जाळीचा) टॉवर आहे, वर हॅम रेडिओची २० मीटर बँडची तीन एलिमेंटची यागी अँटेना आणि ती फिरवणारा रोटेटर. तीन दिशांना गाय वायरी, म्हणजे टॉवर उभा धरणाऱ्या ताणाच्या तारा, दिल्यात, प्रत्येक दिशेला दोन, एक टोकाला आणि एक १२ मीटरवर. वायरी जमिनीत धरून ठेवणारे अँकर बुडापासून १९ मीटर लांब. वायर आपली नेहमीची ७/२.५ ची (अडीच मिलीमीटरच्या सात तारा पिळलेली) गॅल्व्हनाइज्ड स्टे वायर, लाईटीच्या पोलाला असते तीच. आजवर हाताने ओढून, ठोकून, आवाज ऐकून अंदाजाने टर्नबकल (वायरीच्या खालच्या टोकाचा, ताण कमी-जास्त करायचा स्क्रू) आवळत आलो, पण परवाच्या वळवात टॉवर जेवढा डोलला तेवढा आधी कधी डोलला नव्हता आणि मला तर सगळ्या वायरी हाताला सारख्याच कडक लागतायत. मग चुकतंय कुठं? ताण नक्की किती पाहिजे आणि महागडं गेज न घेता तो मोजायचा कसा, कुणी स्वतः केलं असेल तर सांगा. मिरगाच्या आत हे काम उरकायचंय.

स्टॉपवॉचवाला

हाताला सारख्या लागतात हीच तर गोची आहे. खालची वायर २२.५ मीटर लांब, वरची जवळपास ३०.६, दोन्हीत अगदी सारखा ताण असला तरी लांब वायर हाताला ढिलीच लागणार, म्हणजे हाताला सारख्या करत बसलास की वरच्या जास्त आवळल्या जाणार.

आता किती पाहिजे. सर्वसाधारण नियम असा की वायर तुटायच्या ताकदीच्या १० टक्के, ८ ते १५ च्या मध्ये चालतं. ७/२.५ ची ७०० ग्रेडची वायर साधारण सव्वादोन टनाला तुटते (तुझी ग्रेड दुकानदाराकडून खात्री करून घे), म्हणजे २२५ किलो धर. आणि जास्त आवळलं तर बरंच असं समजू नकोस, कारण सहाही वायरींना २२५ किलो दिलेस की टॉवरच्या बुडावर नुसत्या वायरींच्या ओढीचाच जवळजवळ ९०० किलो भार येतो, त्यावर अँटेना, टॉवरचं स्वतःचं वजन आणि वारा वेगळा.

मोजायला मोबाईलचं स्टॉपवॉच पुरतं. पहाटे वारा पडलेला असताना अँकरपाशी वायर धरून हळूहळू झुलवायची, पाळणा झुलवतो तसं लयीत, म्हणजे सगळी वायर मिळून एकच पोट घेऊन हलायला लागते. मग हात सोडायचा, बोट नुसतं टेकवून ठेवायचं आणि जाऊन परत आली की एक असे २० झोके मोजायचे. ताण किलोत = ०.४१ × वायरचं पूर्ण वजन किलोत × लांबी मीटरमध्ये × सेकंदाला झोके × सेकंदाला झोके. तुझी वायर मीटरला साधारण २७० ग्रॅम, म्हणजे वरची एकेक सव्वाआठ किलो. २२५ किलो ताण असेल तर वरच्या वायरीचे २० झोके साडेतेरा सेकंदात होतील आणि खालच्या वायरीचे १० सेकंदात. मात्र नीट बघ, वायर मधोमध स्थिर राहून दोन पोटं घेऊन हलत असेल तर झोके दुप्पट मोजले जातील आणि उत्तर चौपट येईल. मधे चिनी मातीचे अंडा इन्सुलेटर असतील तर त्यांचंही वजन धर, आणि ते बरेच असतील तर ही रीत अंदाजापुरतीच घे.

मिरजेकडचा_टॉवर

आज पहाटे साडेपाचला मोजलं, प्रत्येक वायर तीनदा. इन्सुलेटर नाहीत. खालच्या तिन्ही दहाच्या आसपास, म्हणजे ठीक. वरच्यांत उत्तरेची १३ सेकंद, पूर्वेची १४ आणि नैर्ऋत्येची चक्क १९! हिशोब केला तर २४४, २१० आणि ११४ किलो. हाताला तिन्ही एकसारख्याच लागत होत्या हो. आता नैर्ऋत्येचा टर्नबकल आवळू का?

अलिबागचा_यागी

थांबा, लगेच आवळू नका. तीनांतली एक एवढी सैल म्हणजे टॉवरचा शेंडा त्या वायरीपासून लांब गेलेला असणार. आधी ओळंबा धरून दोन बाजूंनी काटकोनात बघा. नुसती तीच आवळली तर शेंडा ओढला जाईल आणि बाकीच्या दोन आणखी ताणल्या जातील. अर्धा फेरा इकडे आवळायचा, उत्तरेची थोडी सैल करायची, परत तिन्ही मोजायच्या, असं चार-पाच वेळा करावं लागतं.

दुसरं म्हणजे ती सैल झालीच का ते शोधा. २०२० च्या निसर्ग वादळात माझा ५० फुटी टॉवर वाकला, वायर एकही तुटली नव्हती, एका बाजूचा अँकर वाळूत सरकला होता आणि मी दोन वर्षं तो टर्नबकल दर पावसाळ्याआधी मुकाट आवळत होतो. दरवर्षी तीच वायर सैल होते म्हणजे जमीन काहीतरी सांगतेय हे तेव्हा कळायला हवं होतं मला. तुमच्याकडे काळी माती, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, अँकरचा गज जमिनीत शिरतो तिथं नीट बघा.

ताडून बघायला आणखी एक रीत, हिला घड्याळही लागत नाही. टर्नबकलपाशी डोळा लावून वायरीच्या खालच्या टोकाच्या रेषेत वर बघा, ती रेषा टॉवरला वायर बांधलीय त्याच्या खाली लागते. हे अंतर = वजन × लांबी भागिले ताणाची दुप्पट. तुमच्या वरच्या वायरीला २२५ किलोवर ते ५६ सेंटिमीटर येतं आणि ११४ वर १ मीटर १० सेंटिमीटर. टॉवरच्या आडव्या पट्ट्या मोजल्या की झालं.

पुलर_आणि_काटा

वरच्या दोन्ही रीती बरोबर आहेत, पण पहिल्यांदा एकदा खऱ्या काट्यावर ताडून घ्यावं असं माझं मत. एक टनी हँगिंग काटा भाड्याने मिळतो. टर्नबकलच्या वरच्या बाजूला वायर ग्रिप लावून, काटा आणि हातपुलर टर्नबकलला समांतर अँकरला अडकवायचा, ओढत जायचं आणि टर्नबकल जेमतेम मोकळा झाला की काट्यावर दिसेल तो ताण. टर्नबकल सोडायचा अजिबात नाही, आणि टॉवरवर त्या वेळी कुणी चढलेलं नको. ताण मोजायचं लूस गेज मिळतं, पण ते यॉटवाल्यांचं म्हणजे शिडाच्या बोटवाल्यांचं आहे, त्याचं पीटी-२ मॉडेल पाव इंची (साधारण ६.३५ मिलीमीटर) वायरपर्यंतच चालतं, आपली ७/२.५ साडेसात मिलीमीटर जाड, म्हणजे त्यात बसत नाही.

उन्हाचंही लक्षात ठेवा. दुपारी वायर वाढते, टॉवरही वाढतो म्हणून थोडं भरून निघतं पण सगळं नाही, तेव्हा दरवेळी पहाटेच मोजा आणि वहीत तापमानासकट लिहा. वायरीचं दुमडलेलं टोक आवळणाऱ्या क्लिपांचा यू बोल्ट सुट्या टोकावर आणि बैठक ताणाच्या वायरवर आहे ना तेही बघून घ्या, उलट्या लावलेल्या मी फार ठिकाणी पाहिल्यात. आणि काम झालं की टर्नबकलमधून तार ओवून बांधा, वाऱ्याच्या थरथरीने तो आपोआप उलगडत जातो.

मिरजेकडचा_टॉवर

अलिबागवाले, तुम्ही म्हणालात तेच निघालं. नैर्ऋत्येच्या गजावर जुन्या मातीचा डाग आहे, तो आता जमिनीच्या दोन बोटं वर आलाय आणि गजाभोवती अंगठा जाईल एवढी भेग. ओळंब्याला शेंडा उत्तर-पूर्वेला सरकलेला. आज टर्नबकलला हात लावला नाही. उद्या दोन पोरांना घेऊन यागी उतरवतो, मग अँकर उकरून खाली मुरूम लागेपर्यंत जाऊन मोठा ठोकळा ओततो. काँक्रीट पिकलं की सहाही वायरी नव्याने मोजून आकडे इथं टाकतो. ७३ (हॅमवाल्यांचा रामराम).