मेजर नाही म्हणून मॉन्टी छोटा? (शंकासुरांना उत्तर, जरा लांबलं आहे)

टी_टाइम_तुकाराम
'फुगवलेले गोल्फर' धाग्यावर शंकासुरांनी काल लिहिलं: "कॉलिन मॉन्टगोमेरी म्हणजे युरोपात वाघ, मेजरमध्ये शेळी. एकच मेजर जिंकलेला पॉल लॉरी त्याच्यापेक्षा कधीही मोठा." (मॉन्टी म्हणजे हाच मॉन्टगोमेरी; तो आणि लॉरी दोघेही स्कॉटिश गोल्फर. मेजर म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा.) दोन ओळींत उत्तर देऊन गप्प बसणार होतो, जमलं नाही.

अहो, 1993 ते 1999 सलग सात वर्षं हा माणूस युरोपियन टूरच्या ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये (वर्षाच्या कमाईच्या क्रमवारीत) पहिला. मग पाच वर्षं कोरडी गेली, लोकांनी श्राद्ध घालून टाकलं, आणि 2005 मध्ये बेचाळिशीत पठ्ठ्या आठव्यांदा पहिला. युरोपियन टूरवर 31 विजय. रायडर कप (युरोप विरुद्ध अमेरिका, संघांची लढत) आठ वेळा खेळला, सिंगल्समध्ये एकदाही हरला नाही. 2004 ला ओकलंड हिल्सवर विजयाचा पट (बॉल होलमध्ये घालायचा हलका फटका) याचाच, 2010 ला सेल्टिक मॅनरवर कप जिंकणारा कॅप्टनही हाच.

आणि तो 'शेळी' शब्द. 1995 ची पीजीए, म्हणजे मेजरच, रिव्हिएरा कोर्सवर. शेवटच्या तिन्ही होलना बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक शॉट कमी) करून याने स्टीव्ह एल्किंग्टनला गाठलं. प्लेऑफच्या पहिल्याच होलवर एल्किंग्टनने लांबचा पट घातला. यात मॉन्टीने काय करायला हवं होतं? आडवं पडायचं?

शंकासुर
सोयीचं तेवढं सांगितलंत. 2006 चं विंग्ड फूट का गाळलं? यूएस ओपन (हीसुद्धा मेजर), सतराव्या होलवर लांबलचक पट घालून बर्डी. अठराव्यावर ड्राइव्ह फेअरवेत. पार (ठरलेले शॉट) केला असता तर जिंकला असता, बोगीवर (एक शॉट जास्त) प्लेऑफ मिळाला असता. सोबतच्या विजय सिंगचा बॉल भलतीकडे गेलेला, म्हणून साहेब थांबले. हातात सिक्स-आयर्न (क्लबचा प्रकार) होती ती परत ठेवली, कमी अंतराची सेव्हन काढली. बॉल ग्रीनच्या (होलभोवतीच्या गुळगुळीत गवताच्या) अलीकडे, दाट गवतात. तिथून चिप, मग तीन पट, डबल बोगी. जेफ ऑगिल्वी एका शॉटने चॅम्पियन.

1997 च्या यूएस ओपनला काँग्रेशनलवरही तेच. सतराव्या ग्रीनवर शेजारच्या होलचा गलका थांबेपर्यंत ताटकळला आणि छोटा पट चुकवला. एल्स एका शॉटने पुढे. मेजरमध्ये पाच वेळा दुसरा येणं हा योगायोग नसतो, राव.

आबर्डीनकर
मी तेलाच्या नोकरीमुळे गेली बरीच वर्षं आबर्डीनला. म्हणजे पक्षपाती आहे, आधीच सांगतो.

लॉरी सतराव्या वर्षी प्रोफेशनल झाला तेव्हा त्याचा हँडिकॅप पाच होता, म्हणजे पारपेक्षा साधारण पाच शॉट जास्त लागायचे. पाच! इथल्या जवळच्या बँकरीच्या क्लबात असिस्टंट, म्हणजे दुकान सांभाळायचं आणि लोकांच्या क्लबच्या ग्रिप बदलून द्यायच्या. 1999 च्या ब्रिटिश ओपनला (त्याची ती एकमेव मेजर) कार्नूस्टीला क्वालिफाय होऊन आला, जागतिक क्रमवारीत 159 वा. शेवटच्या दिवशी सकाळी दहा शॉट मागे. 67 खेळला. सगळे म्हणतात आघाडीवरच्या व्हान दे व्हेल्डने ओपन घालवली. मान्य, बॅरी बर्न ओढ्याच्या पाण्यात पँट वर करून उभा राहिला त्याला कोण काय करणार! पण त्यानंतर चार होलचा प्लेऑफ होता, आणि त्यात सतराव्या-अठराव्याला बर्डी लॉरीने केल्या. त्या कोणी दान दिल्या नव्हत्या.

आणि इथे लहान मुलांना थोडक्या पैशांत गोल्फ शिकवणारी त्याची फाउंडेशन आहे. माझी मुलगी तिथेच पहिल्यांदा क्लब धरायला शिकली.

टी_टाइम_तुकाराम
मुलीचं कौतुक आहे, पण तो क्रीडाकर्तृत्वाचा पुरावा नव्हे. युरोपात लॉरीचे विजय आठ. मॉन्टीच्या नुसत्या ऑर्डर ऑफ मेरिटच तेवढ्या आहेत.

बारामतीचा बंकर
मॉन्टी अमेरिकेत का जिंकला नाही हे तिथले प्रेक्षक बघून समजतं. ब्रुकलाइन, 1999 चा रायडर कप. वैयक्तिक शिवीगाळ इतकी की त्याचे वडील मैदान सोडून निघून गेले. समोर पेन स्टुअर्ट होता, त्याने स्वतः लोकांना गप्प करायचा प्रयत्न केला आणि शेवटी अठराव्यावर मॅच सोडून दिली. असा प्रतिस्पर्धी आता मिळतो का?
(त्या आठवड्यात मॉन्टीचा जोडीदार लॉरीच होता. दोघांनी मिळून चार लढतींत अडीच गुण काढले. भांडताय कशाला?)

शंकासुर
प्रेक्षक त्रास द्यायचे कारण हा चिडायचा. कॅमेऱ्याचा आवाज आला की वटारून बघायचा. आणि सभ्यपणाचा विषय काढलाच आहे तर जकार्ता बोला.

2005, इंडोनेशियन ओपन. विजा कडाडल्या, खेळ थांबला. याचा बॉल बंकरशेजारी अडचणीच्या उतारावर, नीट उभंसुद्धा राहता येईना. बॉलच्या जागेची खूण न करता निघून गेला. सकाळी बॉल गायब. मग अंदाजाने ठेवला, तो नेमका सोयीच्या जागी. टीव्हीच्या चित्रांत फरक स्पष्ट दिसला. दंड नाही, काही नाही. नंतर बक्षिसाचे पैसे त्सुनामीग्रस्तांना दिले. चूक नव्हती तर पैसे का सोडले? 2009 ला जुना गोल्फर सँडी लाइलने हे उघड बोलून दाखवलं तर माफी मागायची पाळी लाइलवर आली!

टी_टाइम_तुकाराम
लाइल केव्हा बोलला? 2010 च्या रायडर कपची कॅप्टनशिप हुकल्यावर. चार वर्षं काय तोंडात गुळणी धरली होती?
टूरने प्रकरण बंद केलं, विषय संपला.

बारामतीचा बंकर
जकार्ता लांब राहिलं, आपल्याकडे बघा. मी खेळतो त्या क्लबात (नाव घेणार नाही, मेंबरशिप प्यारी आहे) एक रिटायर्ड साहेब बाभळीच्या बुंध्याला चिकटलेला बॉल दर रविवारी बुटाने सरकवतात. वर म्हणतात, "इथेच होता ना रे?" आगेवाला (पुढे उभा राहून बॉल कुठे पडतो ते बघणारा) मान हलवतो. खरे चोर हे कॅडी (बॅग उचलणारे) आणि आगेवाले. पायाच्या बोटांत बॉल पकडून चालता चालता पंधरा पावलं पुढे नेतात, वाकतसुद्धा नाहीत.

आगेवाल्याचा_पोरगा
इतके दिवस नुसता वाचत होतो. आज लिहितो.
माझे वडील पुण्यात आगेवाले होते. भर उन्हात दीडदोनशे यार्ड पुढे उभं राहायचं, बॉल अंगावर आला तर सोसायचं, हरवला तर शिव्या खायच्या. बॉल सरकवला नाही तर टिप नाही, सरकवताना दुसऱ्या साहेबाने पाहिलं तर गेटबाहेर. एकदा असेच बाहेर काढले गेले. ज्याच्यासाठी सरकवला ते साहेब संध्याकाळी ट्रॉफी घेऊन फोटोत. मान हलवणारा चोर आणि बुटाने सरकवणारा 'साहेब' काय? वा!

बारामतीचा बंकर
तुमच्या वडिलांबद्दल नव्हतं. सरसकट बोलतो माणूस.

आगेवाल्याचा_पोरगा
सरसकटमध्येच येतात ते.

आबर्डीनकर
बंकरसाहेब, शब्द मागे घ्या की सरळ. इकडे ओबनच्या गोल्फर बॉब मॅकिंटायरचे वडील गोल्फ कोर्सवर ग्रीनकीपर. 2024 ला पोराने कॅनेडियन ओपन जिंकली तेव्हा बॅग त्यांच्याच खांद्यावर होती, बाप कॅमेऱ्यासमोर रडला. दीड महिन्यात पोराने स्कॉटिश ओपनही मारली. मॉन्टीचे वडील रॉयल ट्रून क्लबचे सेक्रेटरी. दोन्ही घरं गोल्फचीच, पण एक गवत कापणारं आणि एक ऑफिसात बसणारं. लॉरी आणि मॅकिंटायर मला जवळचे वाटतात ते यामुळे, नुसत्या मेजरमुळे नाही.

टी_टाइम_तुकाराम
म्हणजे आता वडिलांच्या नोकरीवरून पोराची करिअर मोजायची? मॅकिंटायरलाही अजून मेजर नाही बरं का. 2025 च्या यूएस ओपनला ओकमाँटवर स्पॉनने अठराव्यावर 64 फुटांचा पट घातला आणि हा दुसरा. शंकासुरांच्या हिशेबाने हासुद्धा शेळीच.

शंकासुर
मॅकिंटायर तिशीच्या आत आहे. त्याला वेळ आहे.

टी_टाइम_तुकाराम
मॉन्टीनेही पन्नाशीनंतर सीनियर पीजीए दोनदा आणि यूएस सीनियर ओपन एकदा जिंकली. तीही अमेरिकेत.

शंकासुर
सीनियरच्या! हो, जिंकली बाबा. आणि रायडर कपच्या सिंगल्स तुम्हाला आंदण दिल्या, घरी घेऊन जा. पण दुसऱ्यासाठी खेळताना ज्याचा हात थरथरत नाही त्याचा स्वतःसाठी खेळताना का थरथरतो, हे कोणी सांगितलं नाही.

बारामतीचा बंकर
@आगेवाल्याचा_पोरगा, 'चोर' शब्द काढून टाकला असता, पण संपादनाची वेळ संपली आहे.

आगेवाल्याचा_पोरगा
राहू दे. वाचू देत लोकांना.

शंकासुर
जकार्ताचं उत्तर अजून आलेलं नाही. सँडी लाइलवर वेगळा धागा काढतोय. 1985 ची ओपन, 1988 ची मास्टर्स, दोन्ही मेजर; मास्टर्सला शेवटच्या होलवर फेअरवे बंकरमधून सेव्हन-आयर्न. तो इंग्लंडात श्रूजबरीला जन्मला म्हणून स्कॉटिश नाही असं ज्यांना म्हणायचंय, त्यांनी तिकडे या.