भुलाबाईचा मखर : वावरातल्या धांड्यांचा की बाजारातला?

धांडेवाली (दर्यापूरकडची)

आमच्या गल्लीतल्या भुलाबाईला यंदा विकतचा मखर आणायचं ठरलं आहे. फोमच्या पट्ट्या, प्लास्टिकची फुलं, वर लाइटची माळ. माझा याला विरोध आहे आणि तो मी इथे मोकळेपणानं मांडते.

भुलोजी-भुलाबाई म्हणजे शंकर-पार्वती. ते बसतात भाद्रपद पौर्णिमेला आणि उठतात कोजागिरीला. ज्वारी निसवून कणसात दाणा भरायचा हाच महिना. म्हणून आमच्याकडे कोजागिरीला कणसासकट ज्वारीचे पाच धांडे, म्हणजे ताटं आणतात, बुडखे मातीच्या गोळ्यांत रोवतात, शेंडे अंबाडीच्या वाकानं, म्हणजे सालीच्या दोरीनं एकत्र बांधतात आणि त्याखाली शंकर-पार्वतीला बसवतात. पानं काढत नाहीत. वावरात जे आलं त्याची सावली आधी देवाला, असा त्याचा अर्थ मला लहानपणापासून वाटत आला आहे. फोमच्या मखरात पिकाची खूणच उरत नाही. मग भुलाबाई याच महिन्यात का येते, हे पोरींना कसं कळणार?

वावरातून

ताई, तुमचं म्हणणं पटते, पण धांडे आणाचे कुठून? आमच्या शिवारात सोयाबीन, तूर अन् कपाशी. ज्वारी पेरली तर दाणा भरला की दिवसा पाखरं अन् रात्री रानडुकरं. सगळ्याइनं पेरली असती तर नुकसान वाटल्या गेलं असतं. एकट्यानं पेरली की सारी पाखरं त्याच्याच वावरात उतरतात. लोकाइनं ज्वारी हौसेनं नाई सोडली.

अन् दुसरी गोष्ट. कोजागिरीच्या आगंमागं सोयाबीनची सोंगणी जोरात असते. बाया सकाळीच गुत्त्याच्या (ठेक्याच्या) कामावर जातात, कंबर मोडून घरी येतात. त्याइले वरून धांडे आणा, मखर बांधा म्हणाचं? विकतचा मखर झटक्यात लागते. पोरी गाणे म्हणतात, खिरापत ओळखतात. मले वाटते, तेवढं टिकलं तरी लय झालं.

अचलपूरची सून

वावरातून भाऊंच्या बाजूनं माझं मत. हातानं करायच्या सगळ्या गोष्टींचं ओझं शेवटी बाईवरच येतं. पोळ्याला बैलांचा साज विकत आणला तर कुणी परंपरा बुडाली म्हणत नाही. बेगड, मठाट्या, घोंगराच्या माळा सगळं बाजारातूनच येतं ना? मग भुलाबाईच्या वेळेसच घरचं करा हा आग्रह का?

फक्त थर्माकोल नको. 2018 पासून राज्यात त्याच्या सजावटीवर बंदी आहे, तरी कुठे कुठे विकायला दिसतोच. आणि धांड्यांची वाळलेली पानं दिव्याजवळ धोक्याची असतात, तेही लक्षात घ्या.

धांडेवाली

ताई, हा मखर बायकांनी बांधावा असं मी म्हटलंच नाही. तो आठवी-नववीच्या पोरापोरींचा उद्योग आहे. पोरांनीही वाक वळायला शिकावं. आणि ताजा धांडा हिरवा, रसाचा असतो. तो लगेच पेटत नाही, लवतोही छान. कोजागिरीच्या सकाळी कापून आणला की रात्रीपर्यंत तो ताजाच राहतो. दिवा मात्र पाटाच्या पुढे, पानांपासून लांब ठेवायचा, हे तुमचं बरोबर.

पोळ्याचं म्हणाल तर तेही मला खटकतं. पण साज विकत आणला तरी समोर बैल खरा असतो. इथे मखरच पिकाचा आहे. तोच प्लास्टिकचा केला तर खरं काय उरलं?

भाऊ, पूर्ण वावर नको. धुऱ्याकडून, म्हणजे बांधालगत, दोन तास (ओळी) ज्वारी पेरा, बास. पण गावरान पेरा. 1964 ला सीएसएच-1 हे ज्वारीचं हायब्रीड आलं, तेव्हापासून बुटक्या हायब्रीडचे दिवस आले. बुटक्या धांड्यांचा मखर उंच होत नाही. गावरान ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते.

चाकावरचे

आम्ही कुंभार. मखराचं तुमचं तुम्ही बघा, मला मूर्तीबद्दल बोलायचं आहे, कारण ‘सगळं घरीच करा’ ही हाक दरवर्षी मूर्तीपर्यंत येते. वावरातली काळी माती आणून भुलाबाई करू नका. ती पाण्यानं फुगते आणि वाळताना आकसते, चार दिवसांत मूर्तीला भेगा पडतात. आम्ही तळ्याचा गाळ आणतो, चाळतो, त्यात कापूस मळतो. तेव्हा ती महिनाभर बसते.

घरी करायची हौस चांगली आहे, पण गावात कुंभाराचं घर असेल तर त्याच्याकडून घ्या. तालुक्याहून प्लास्टरचा जोड आणता आणि आम्हाला सांगता की लोक आता घरी करतात. दोन्हीकडून आमचंच जातं. रंग मात्र घरचा द्या. गेरू, चुना, नीळ. हळदीत चुना कालवला की लाल होते, पोरांना ते बघायला फार आवडतं.

भंडाऱ्याहून

धानपट्ट्यातल्या आमच्या गावात भुलाबाई बसवत नाहीत, म्हणून मखरावर मी बोलणार नाही. पण आमच्याकडे नवीन धान आलं की लोंब्या विणून झालर करतात आणि दारावर टांगतात. चिमण्या येऊन दाणे टिपतात. ती झालर टिकली आहे, कारण धान टिकलं आहे. पीक गेलं की सजावट जाणारच. तुमचा वाद मखराचा कमी आणि ज्वारीचा जास्त आहे.

अचलपूरची सून

हेच तर मी म्हणते! जे पिकतं त्याचं करा. कपाशीची बोंडं, तुरीच्या डहाळ्या लावा. भुलाबाईला चालेल.

धांडेवाली

तुरीच्या डहाळ्या चालतील, लावू. पण धांडे सोडायला मी तयार नाही. या पोरींनी कणीस हातात घेऊनच पाहिलेलं नाही.

वावरातून

दोन तास पेराले माझी ना नाई. पण दाणा भरला की राखण कोण करीन, ते आधी ठरवा. तुमच्या गल्लीतले पोट्टे सकाळ-संध्याकाळ गोफण घेऊन येत असतील तर मृगात पेरतो. यंदाचं म्हणाल तर आमच्या शिवारात एकही धांडा नाई.

धांडेवाली

पोरांना आज रात्रीच विचारते. यंदा विकतचा मखर येणारच असेल तर येऊ द्या, पण लाइटच्या माळेऐवजी तुरीच्या डहाळ्या लावायच्या, हे मी बैठकीत पुन्हा मांडणार आहे.