गुडघ्याच्या ऑपरेशनला चार महिने झाले, दुखत नाही. फिजिओ बंद करून खेळायला उतरू का?

खानापूरचा रेडर

नमस्कार. वय १९. गाव खानापूरच्या पुढं, जंगलपट्टीत. मार्चमध्ये जत्रेच्या कबड्डीत चढाई करून मागं फिरताना उजवा पाय मातीत रुतला आणि गुडघा आत फिरला. ‘कट्’ असा आवाज मला स्वतःला ऐकू आला. रात्रीपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं निघालं. एप्रिलमध्ये बेळगावात ऑपरेशन झालं, मांडीमागच्या स्नायूची दोरीसारखी शीर काढून त्याच्या जागी बसवली आहे.

आता दुखत नाही, सूज नाही, गावात सायकल मारतो. आठवड्यातून तीनदा फिजिओसाठी बेळगाव. प्रत्येक वेळी ३०० रुपये, वर बसचं भाडं, आणि अख्खा दिवस जातो. बाबांना लावणीत माझी मदत झाली नाही, ते बोलत नाहीत पण मला कळतं. दसऱ्यानंतर स्पर्धा आहेत, टीमची पोरं रोज विचारतात, ‘कधी येतोस गा?’ फिजिओ म्हणतात नऊ महिन्यांच्या आत नाही. दुखतच नाही तर एवढं थांबायचं कशाला? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

कंग्राळीचा पैलवान

उतरू नकोस. मी पाचव्या महिन्यात उतरलो होतो, म्हणून सांगतोय.

२००९ साली माझा डावा गुडघा गेला. तालमीतच, पट काढताना जोडीदाराचं सगळं वजन आडवं आलं. ऑपरेशन झालं, चार महिन्यांत सूज गेली, दुखणं गेलं, अगदी तुझ्यासारखंच. वस्तादांचा माझ्यावर पोटच्या पोरासारखा जीव. ते म्हणाले, बैठका मार, पाय भरेल. मी रोज दोनशे मारायचो. त्या सगळ्या मी उजव्या पायावर मारत होतो हे मला फार उशिरा कळलं. डावा नुसता सोबत वाकत होता. बाहेरून कुणाला दिसलं नाही, मलाही नाही. पाचव्या महिन्यात आखाड्यात उतरलो आणि दुसऱ्या मिनिटाला तोच गुडघा फिरला. समोरच्याने धरलंही नव्हतं रे, मी फक्त वळलो होतो.

दुसऱ्या ऑपरेशननंतर ज्या फिजिओ मॅडम मिळाल्या, त्यांनी पहिल्या दिवशी कुठलंच मशीन लावलं नाही. शिंप्याची टेप काढली, वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटिमीटरवर पेनाने खूण केली आणि दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी ५६, डावी ५२. चार सेंटिमीटर मांडी उतरली होती आणि मी आखाड्यात जायच्या गोष्टी करत होतो. मग मला पाय पसरून बसवलं आणि गुडघ्याखाली हात सरकवला. हात आरपार गेला. म्हणजे गुडघा पूर्ण सरळच होत नव्हता, आणि मी तसाच वर्षभर चाललो होतो.

पहिले तीन आठवडे फक्त तेवढंच काम. टाचेखाली उशी, गुडघ्याखाली मोकळं, दहा मिनिटं तसंच पडून राहायचं. नंतर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची आणि दहा अंक मोजायचे. मॅडम वाटीच्या आतल्या बाजूला अंगठा ठेवायच्या. तिथला स्नायू नुसता फडफडायचा, घट्ट व्हायचा नाही. शंभर किलोचा गडी उचलणारा मी, आणि स्वतःच्या मांडीतला एक स्नायू मला आवळता येत नव्हता. मॅडम कन्नड, मला कन्नड जेमतेम. पण ‘सावकाश’ त्यांच्याही बोलीत आहे आणि आपल्याही. तो एकच शब्द त्या दिवसाला पन्नास वेळा म्हणायच्या. ज्या दिवशी तो स्नायू अंगठ्याखाली दगडासारखा लागला, त्या दिवशी त्यांनी मला आत बोलावून चहा दिला.

अकराव्या महिन्यात परत माती अंगाला लावली. पुढं चार वर्षं कुस्ती केली.

विनेश फोगाटचा गुडघा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये गेला होता, स्ट्रेचरवरून बाहेर नेली. २०१८ मध्ये तिनं राष्ट्रकुल आणि आशियाई, दोन्हीकडे सुवर्ण घेतलं. मधला काळ तिनं गुडघ्याला दिला. तू १९ चा आहेस, तुझ्याकडे वेळ आहे.

निपाणीकर काका

बाळा, आमच्या भागात तेल लावून गुडघा ओढून बसवणारे एक जण आहेत. माझी पाठ त्यांनी बरी केली. एकदा दाखव.

चिकोडीची फिजिओ

काका, तुमची पाठ बरी झाली ही आनंदाची गोष्ट. पण या मुलाच्या गुडघ्यात नवीन लिगामेंट आहे. वरून हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, मात्र गुडघा ओढू, पिरगळू किंवा झटका देऊ कुणालाही देऊ नका.

रेडर, दुखत नाही म्हणजे जुळलं असं का नाही, ते सांगते. बसवलेल्या शिरेचा रक्तपुरवठा सुरुवातीला तुटलेला असतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ती आधी कमजोर होते, मग हळूहळू तिचं लिगामेंट बनत जातं, आणि हे काम वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतं. या सगळ्यात ती दुखून इशारा देत नाही. नॉर्वेतला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितके महिने पुढे गेलं, तितकी प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याची शक्यता निम्म्याने घटलेली दिसली. तुमचे फिजिओ नऊ महिने म्हणतात ते यासाठी. आणि कॅलेंडरवर नऊ महिने भरले एवढ्यानं चालत नाही. एका पायावर लांब उडी, एका पायावर सलग तीन उड्या, मांडीची ताकद, या सगळ्यांत उजवा पाय डाव्याच्या निदान ९० टक्के भरला पाहिजे. त्यानंतर वळणं, कट मारणं, आणि सगळ्यात शेवटी कुणी पकडायला असताना चढाई.

खर्चाचं मात्र तुमच्या फिजिओंशी मोकळेपणाने बोला. चौथ्या महिन्यात आठवड्याला तीनदा जायलाच पाहिजे असं नाही. तिथं शेक आणि करंटच्या मशीनवर झोपून वेळ जात असेल तर तो आता घरी व्यायामाला द्या. दोन-तीन आठवड्यांतून एकदा जाऊन मोजमाप आणि पुढचा टप्पा घेतला तरी चालतं, पण मग घरचा व्यायाम चुकवायचा नाही. खुर्चीवरून एका पायावर उठणं-बसणं, पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरणं, वजनाला पाठीवर तांदळाची पिशवी. मोबाईल समोर ठेवून व्हिडिओ काढा. गुडघा अंगठ्याच्या आत झुकला तर तेवढी पायरी जड आहे, कमी उंचीची घ्या.

आणि लावणीला गेला नाहीत हे बरोबर केलंत. चिखलात पाय रुतलेला, वर कंबर वळलेली. तुमचा गुडघा गेला तो नेमका असाच.

खानापूरचा रेडर

दादा, तुमचं वाचून आईची टेप काढली. खूण करून मोजलं. डावी ४९, उजवी ४६. दोनदा मोजलं. पाय पसरून बसलो आणि आईला गुडघ्याखाली हात घालायला सांगितलं, तिची बोटं आत गेली. डाव्याखाली जात नाहीत.

कॅप्टनला फोन करून या वर्षी नाही म्हणून सांगितलं. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, बाहेर बसून नवीन पोरांना रेड शिकव. ताई, फिजिओंना सोमवारी खर्चाचं विचारतो. तांदळाची पिशवी किती किलोची घेऊ?

चिकोडीची फिजिओ

आधी पिशवी नकोच. गुडघा डाव्याइतका सरळ होऊ दे. आईची बोटं उजव्याखाली जायची थांबली की दोन किलोपासून. पण गुडघा सरळ होत नाही हे सोमवारी फिजिओंना आणि डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा, खर्चाचं नंतर.

कंग्राळीचा पैलवान

आणि टेपची खूण दर वेळी त्याच जागी, पाय सैल सोडून. दर रविवारी मोज, इथं लिहीत जा. मी बघतो.