‘पुअरहाउस’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : एका अमेरिकी कुटुंबाचा इतिहास मराठीत आणते आहे. त्यात ‘काउंटी पुअरहाउस’, म्हणजे काउंटीने (तिकडच्या जिल्ह्याने) निराधारांसाठी चालवलेलं घर, वारंवार येतं. नवरा गेल्यावर थकलेल्या म्हातारीला तिथे नेऊन सोडतात. मी आधी ‘अनाथाश्रम’ लिहिलं, मग ‘वृद्धाश्रम’, मग ‘धर्मशाळा’. एकही शब्द मनाला पटत नाही. ‘गरीबखाना’ चालेल का?

उत्तर : ताई, ‘आश्रम’ तर मुळीच नको. त्या शब्दाला मायेची ऊब आहे, आणि पुअरहाउसमध्ये नेमकी तीच नव्हती. धर्मशाळेत वाटसरू दोन दिवस टेकतो आणि पुढच्या वाटेला लागतो. ‘गरीबखाना’ म्हटलं की हिंदी सिनेमातलं ‘आमच्या गरीबखान्यात या’ आठवतं, तिथे तो स्वतःच्या घराचा नम्र उल्लेख असतो. म्हणून तोही बाद.

शब्द ठरवण्याआधी ती जागा काय होती ते पाहू. न्यूयॉर्क राज्याने १८२४ साली कायदा करून काउंट्यांना पुअरहाउस बांधायला लावलं. त्याआधी कित्येक गावांत निराधार माणसांचा चक्क लिलाव व्हायचा, आणि उलटा : जो सर्वांत कमी पैशांत सांभाळायला तयार, माणूस त्याच्या पदरात. पुअरहाउसला शेतजमीन जोडलेली असे. ज्याच्या अंगात बळ त्याने शेतात राबायचं, बायकांनी स्वयंपाक, धुणी, शिवण. एकाच छपराखाली म्हातारे, पोरकी मुलं, आजारी, आंधळे, दिवस गेलेल्या एकट्या बायका, वेडाचे झटके येणारे. समाजसुधारक डोरोथिया डिक्स यांनी मॅसॅच्युसेट्समधले तुरुंग आणि अशी घरं स्वतः फिरून पाहिली आणि १८४३ साली विधिमंडळाला लिहून कळवलं, की मनोरुग्णांना पिंजऱ्यांत आणि तळघरांत, साखळदंडांनी जखडून, उघडंवाघडं ठेवतात. तीन ते सोळा वर्षांच्या मुलांना तिथे ठेवायचं नाही हा न्यूयॉर्कचा कायदा थेट १८७५ चा.

हेलन केलर यांच्या शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन यांचं बालपण आठवा. आई वारलेली, बापाने हात वर केलेले. १८७६ साली ही अधू डोळ्यांची पोर आणि तिचा धाकटा भाऊ जिमी मॅसॅच्युसेट्समधल्या ट्यूक्सबरी गावच्या अशाच घरात आले. (ते राज्याचं होतं, काउंटीचं नव्हे, पण जातकुळी तीच.) काही महिन्यांतच जिमी तिथे वारला. ती चार वर्षं राहिली. १८८० साली पाहणीला बडे लोक आले, तेव्हा ‘मला शाळेत जायचंय’ म्हणून तिने टाहो फोडला, आणि सुटली. असल्या जागेला मी ‘आश्रम’ म्हणूच शकत नाही.

आता मुद्दा. इंग्रजीत ‘पुअर’ आणि ‘पॉपर’ यांत फरक आहे. पुअर म्हणजे गरीब, पण स्वतःचं पोट भरणारा. पॉपर म्हणजे सरकारी खर्चावर जगणारा, आणि त्याची तशी नोंद होई. आपल्याकडे या दुसऱ्या माणसाला नेमका शब्द आहे : मोहताज. ‘अन्नाला मोहताज झाला’ असं आपण म्हणतोच. उत्तर हिंदुस्थानात इंग्रजी अमदानीत दुष्काळात उघडलेल्या पुअरहाउसला ‘मोहताजखाना’ म्हणत. दवाखाना, कैदखाना यांच्या पंगतीत तो मराठीतही सहज बसतो. माझं मत मोहताजखान्याला.

आणखी एक प्रतिसाद : ‘भिक्षेकरी गृह’ का नको? सरकारी कागदांत रुळलेला शब्द आहे.

उत्तर : कारण तिथे भीक मागताना पकडलेल्याला पाठवतात. या म्हातारीने कधी कुणापुढे हात पसरला नव्हता. तिला पोसायला माणूस उरला नाही, एवढंच.

मूळ प्रश्न विचारणारी : पटलं. वाक्य असं केलं : ‘त्या हिवाळ्यात म्हातारीला काउंटीच्या मोहताजखान्यात नेऊन सोडलं.’ आधी ‘वृद्धाश्रमात ठेवलं’ होतं. आता वाचताना पोटात कालवतं, आणि मूळ मजकूर वाचतानाही तसंच झालं होतं. एक शंका उरली. तिथल्या ‘कीपर’ला रखवालदार म्हणू की व्यवस्थापक?

उत्तर : कारभारी म्हणा. शेत, कोठार, हिशेब आणि माणसं, सगळं त्याच्याच हाती असे, आणि बहुधा तो बायकापोरांसह तिथेच राही.