शेक्सपिअरचे जुने शब्द बदलावेत का?

शाईदौत (धागा)
अमेरिकेतल्या ऑरेगन शेक्सपिअर फेस्टिव्हलने २०१५ साली ३६ नाटककारांना ३९ नाटकं आजच्या इंग्रजीत आणायचं काम दिलं आणि मोठा वाद पेटला. माझं मत स्पष्ट आहे: मूळ शब्द हलवू नयेत, पानाच्या कडेला अर्थ द्यावा.

खरी अडचण अवघड शब्दांची नाहीच. 'बूटलेस' दिसला की माणूस कोश उघडतो, 'निष्फळ' हा अर्थ सापडतो, काम झालं. दगा देतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. भुताच्या मागे निघालेला हॅम्लेट मित्रांना बजावतो, मला जो 'लेट' करेल त्याचंच भूत करीन. आज 'लेट' म्हणजे करू देणं. इथे नेमका उलटा अर्थ, अडवणं. मुळात ही दोन वेगळी क्रियापदं, कालांतराने उच्चार सारखा झाला. अडवणारा 'लेट' टेनिसमध्ये टिकलाय, आणि आपल्या पासपोर्टवरसुद्धा: 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स'. एवढं एकदा कळलं की जन्मात विसरत नाही. मग तो शब्द काढायचा कशाला?

तिसरीघंटा
वाचणाऱ्यासाठी ठीक आहे. मी नाटकं बसवतो. प्रेक्षकाच्या हातात तळटीप नसते. ज्युलिएट 'व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ' म्हणते तेव्हा कितीतरी जणांना वाटतं, ती अंधारात त्याला शोधतेय. ती विचारतेय, तू रोमिओच का? वैऱ्याच्याच घरात का जन्मलास? अख्ख्या नाटकाचं दुखणं त्या एका शब्दात आहे आणि तेच कानावरून निघून जातं.

आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित'मधून हॅम्लेट आणला, तो त्या वेळच्या वाचकाच्या मराठीत. जर्मन, फ्रेंच प्रेक्षकालाही आपापल्या काळाचा अनुवाद मिळतो. चारशे वर्षांपूर्वीच्या अर्थांशी झटापट फक्त इंग्रजी प्रेक्षकानेच का करायची?

मोडीवाचक
तिसरीघंटा यांच्याशी सहमत. शिवाय 'मूळ' म्हणून आपण जे वाचतो ते मूळ आहेच कुठे? १६२३च्या फोलिओतलं, म्हणजे त्याच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहातलं, स्पेलिंग आणि विरामचिन्हं संपादकांनी कधीच बदलली. तेव्हा कुणी तक्रार केली नाही.

शाईदौत
@मोडीवाचक, स्पेलिंग बदललं तरी नटाच्या तोंडी शब्द तोच राहतो. शब्द बदलला की काय हरवतं ते बघा. हॅम्लेट ऑफेलियाला चार ओळी लिहितो: ताऱ्यांत आग आहे यावर शंका घे, सूर्य फिरतो यावर शंका घे, सत्य खोटारडं असेल अशी शंका घे, पण माझ्या प्रेमावर शंका घेऊ नकोस. चारही ठिकाणी 'डाउट'. पण तिसऱ्या ओळीतला 'डाउट' म्हणजे अविश्वास नव्हे, संशय. तो अर्थ आज इंग्रजीतून जवळपास गेलाय. तिथे 'सस्पेक्ट' घातलंत की अर्थ स्वच्छ होईल आणि कविता मरेल. एकच शब्द दोन्ही बाजूंनी वळवण्यातच तिचा जीव आहे. आपल्या 'शंके'त ते दोन्ही अर्थ अजून नांदतात, म्हणून मराठीत ते साधतं तरी.

कोपऱ्यातलीखुर्ची
पुष्कळदा संहिताच अर्थ सांगते. 'टेम्पेस्ट'मध्ये जादूगार प्रॉस्परो काम सांगतो तेव्हा त्याचा सेवक एरिअल विचारतो, 'प्रेझेंटली?' आज याचा अर्थ थोड्या वेळाने किंवा सध्या. तेव्हा अर्थ होता ताबडतोब. प्रॉस्परोचं उत्तर: हो, पापणी लवायच्या आत. चांगल्या नटांकडून ऐकलं तर कोश लागत नाही.

तिसरीघंटा
प्रत्येक ठिकाणी असं उत्तर शेजारी नसतं. आणि नट चांगलेच मिळतील याची हमी कोण देणार? 'डाउट'च्या ओळी मीही तशाच ठेवीन, तिथे शाईदौत यांचं म्हणणं पटलं. पण 'लेट्स'च्या जागी 'स्टॉप्स' म्हणायला लावीन. दोन्ही एकाक्षरी, वृत्ताला धक्का नाही, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळेल.

शाईदौत
वृत्त टिकतं, मान्य. पण त्याच्या आधीचंच वाक्य बघा: 'अनहँड मी, जंटलमेन'. मित्रांनी त्याला धरून ठेवलंय आणि तो हिसके देतोय. शेवटच्या रांगेतल्या माणसाला हे डोळ्यांनी दिसतंय. तिथे 'लेट्स' तसाच ठेवून एकदा तालीम करून बघा.